मातोश्री बहिणाबाई

आमच्या लेवा समाजात बहिणाबाई चौधरी यांचे नाव घराघरांतून आदराने घेतले जाते. जळगावनजीकच्या आसोदे गावी महाजनांच्या घरी १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह झाला; तिसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी तीन मुले व शिरावर शेतीचा भार. त्या माउलीने दोन्ही निभावले. अक्षरओळख नव्हती, तथापि घरीदारी काम करता करता आपल्या बोलीत त्यांची ओवी सहज उमलत असे.

पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी ती ऐकून टिपून ठेवली, म्हणूनच ती टिकली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु जवळ बसून टिपणारे कोणी नव्हते म्हणून आमच्या किती मातांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली, याची खंतही वाटते. ज्ञातिबांधवांना व भगिनींना आमची विनंती एवढीच की, घरातील वृद्ध माता जे गाते, जे सांगते, ते आजच लिहून ठेवावे.