कुलाब्यातली चिमूटभर गोष्ट

आमच्या आनंदनगरात लोडशेडिंगच्या दिवसांत वीज गेली की बाबा हमखास म्हणायचे, "अर्धी वीज तर तारांतच मुरते!" अर्धी नसेल, पण मुरते हे खरं. तार तापते ती त्यामुळेच. मग न तापणारी तार असते का? असते की. फक्त ती भयंकर गार ठेवावी लागते.

1911 साली हॉलंडमध्ये लायडनच्या प्रयोगशाळेत पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध एकदम नाहीसा झाला. हीच सुपरकंडक्टिव्हिटी, मराठीत अतिसंवाहकता. 'असं का?' याचं उत्तर मिळायला 46 वर्षं लागली. 1957 मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, आणि ही जोडी जुळवतात धातूतल्या अणूंची कंपनं. या हिशेबाने साधारण 30 केल्व्हिनच्या (उणे 243 अंश) फार वर जाता येणार नाही, असं बहुतेकांनी धरून ठेवलं.

1986 मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी झुरिकजवळ तो समज मोडला, तोही तांब्याच्या ऑक्साइडच्या, कपबशीसारख्या ठिसूळ पदार्थात! पुढच्याच वर्षी आकडा 93 केल्व्हिनवर गेला. म्हणजे महागडं द्रव हेलियम नको, 77 केल्व्हिनचा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरे.

सगळं जग तांब्यामागे धावत असताना आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आणि त्यांचे सहकारी इट्रियम, निकेल आणि बोरॉनचा मिश्रधातू तपासत होते. निकेल म्हणजे चुंबकीय स्वभावाचं, अतिसंवाहकतेला सहसा न मानवणारं. तरी 12 केल्व्हिनच्या आसपास क्षीण खूण दिसली. नमुन्याचा अगदी थोडा भाग अतिसंवाहक होत होता. मला विचाराल तर इथेच खरी परीक्षा असते. 'भेसळ असेल' म्हणून सोडून देणं किती सोपं! त्यांनी सोडलं नाही. थोडा कार्बन घातल्यावर सगळाच नमुना अतिसंवाहक झाला. जानेवारी 1994 मध्ये हा शोध छापून आला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या गटाने निकेलऐवजी पॅलेडियम वापरून 23 केल्व्हिन गाठल्याचंही प्रसिद्ध झालं.

गंमत पुढेच आहे. ही बोरोकार्बाइडं बऱ्याच अंशी 1957 च्याच सिद्धांतात बसली. तांब्याची ऑक्साइडं मात्र बसत नाहीत. अँडरसन आणि आपले बास्करन यांच्यासारख्यांनी 1987 पासून वेगळी उत्तरं मांडली, पण सर्वांना पटलेलं उत्तर आजही नाही. बरं, कोडं फक्त वरच्याच टोकाला आहे असंही नाही. कुलाब्यालाच एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ 0.00053 केल्व्हिनला अतिसंवाहक होतो असं दाखवलं (2017 मध्ये प्रसिद्ध). त्यात लाखभर अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन. एवढ्या विरळ वस्तीत जोड्या जुळतात कशा, हे जुना सिद्धांत नीट सांगू शकत नाही.

म्हणजे आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनाच्या थोडं पुढे एक कोडं सुटलं आणि एक नवं सापडलं. 'माहीत नाही' असं शंभर वर्षांनंतरही सरळ म्हणता येणं, हे मला शोधाइतकंच मोठं वाटतं.

असो. बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण बिल कधी कमी होणार?" :-)