स्थौल्य आणि शस्त्र

शल्यवैद्याचें शस्त्र सामान्यतः रोगट भागावर चालतें. सडलेलें आंत्रपुच्छ तो काढून टाकतो, खड्यांनीं भरलेली पित्ताची पिशवी काढतो, व्रण पडलेल्या जठराचा भाग कापतो; आणि त्या भागावांचून रोग्याला पुढें जी उणीव भासते ती मूळ रोगाच्या मानानें क्षुल्लक ठरते. स्थौल्यावरील शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, येथें वैद्य अंगावरची चरबी कापून काढतो आणि माणूस सडपातळ होतो. वस्तुतः चरबीला या शस्त्रक्रियांत हातहि लावला जात नाहीं. ज्यांत कसलाहि दोष नाहीं असें जठर मुद्दाम लहान करावयाचें, किंवा नीट चाललेलें आंतडें अन्नाच्या वाटेंतून वगळावयाचें, आणि शरीराला आपल्या सांठ्यांतील मेद खर्चावयास लावावयाचें, असा हा मार्ग आहे. निरोगी अवयव बिघडवून रोग हटवावयाचा म्हटलें, म्हणजे त्या बिघाडाचा हिशेब फार काटेकोरपणें ठेवावा लागतो. हा हिशेब प्रथम कसा चुकला आणि पुढें कोणीं तो कसा दुरुस्त करीत नेला, तें या शास्त्राच्या सत्तरांहून अधिक वर्षांच्या इतिहासांत पाहावयास मिळतें.

ही कल्पना कोणा एकाच्याच डोक्यांतून निघाली असें नाहीं. इतर रोगांसाठीं ज्यांचें आंतडें बरेंचसें कापावें लागलें ते रोगी पुढें वाळत जातात, हें शल्यवैद्य पूर्वीपासून पाहत आले होते. जें तेथें संकट तेंच येथें औषध म्हणून वापरावें, हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडन व अमेरिका या दोन देशांत जवळ जवळ एकाच वेळीं कृतींत उतरला. १९५२ मध्यें गोटेनबर्ग येथील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनीं एका स्थूल स्त्रीच्या लहान आंतड्याचा सुमारें एक मीटर लांबीचा तुकडा कापून काढला. कापलेलें पुन्हां लावतां येत नाहीं, हा त्या युक्तींतला उघड दोष. मिनेसोटा विद्यापीठांतील मंडळींनीं निराळी वाट काढली. लहान आंतड्याचा आरंभ त्याच्या शेवटाला जोडावयाचा, आणि मधला लांबलचक भाग पोटांत तसाच राहूं द्यावयाचा. आगगाडीनें मधलीं स्टेशनें टाळून थेट शेवटच्या स्टेशनाजवळ यावें, तसा हा प्रकार. रिचर्ड व्हार्को यांनीं १९५३ मध्यें ती शस्त्रक्रिया केली, आणि क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं १९५४ मध्यें कुत्र्यांवरील प्रयोगांसह आपली हकीकत प्रसिद्ध केली.

लॉस एंजेलिस येथील पेन आणि डीविंड या वैद्यांनीं १९५६ पासून याच्याहि पुढें मजल मारली. त्यांनीं लहान आंतड्याचा वरचा भाग एकदम मोठ्या आंतड्यालाच जोडला. वजन झपाट्यानें उतरलें खरें. पण जुलाब इतके कीं शरीरांतील क्षार वाहून जात, आणि यकृताला धोका पोंचे. वजन उतरलें कीं जोडणी पूर्ववत् करावयाची, असा मूळचा बेत होता. तशी ती केली, तेव्हां उतरलेलें वजन परत आलें! मग त्यांनीं माप बदललें. वरच्या बाजूचें १४ इंच आणि शेवटचें ४ इंच, एवढेंच लहान आंतडें चालू ठेवावयाचें. बाकीचें, म्हणजे सुमारें सहा मीटरांपैकीं जवळ जवळ सगळेंच, वगळावयाचें. हें माप त्यांनीं १९६९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि पुढील कांहीं वर्षांत त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. प्रसाराचें कारण समजण्याजोगें आहे. रोग्याला पथ्य नको, उपास नको. पूर्वीसारखें जेवावें आणि तरीहि वजन उतरावें, यापेक्षां गोड वचन स्थूल मनुष्याला दुसरें कोणतें?

तराजूनें शल्यवैद्यांना येथेंच फसविलें. तराजूचा कांटा वर्षभरांत यश दाखवीत होता, आणि शरीराचें नुकसान पुढील अनेक वर्षें हळूहळू सांचत होतें. जुलाब व दुर्गंधी यांची कल्पना सर्वांनाच होती. मूत्रपिंडाचें मात्र कोणाच्या ध्यानीं नव्हतें. पालक, चहा, दाणे अशा नित्याच्या अन्नांत ऑक्सॅलेट नांवाचें द्रव्य असतें. एरव्हीं आंतड्यांतला कॅल्शियम त्याला धरून ठेवतो आणि तें मळावाटे निघून जातें. परंतु आंतडें तोकडें झालें कीं न पचलेली चरबी खालीं उतरते व तो कॅल्शियम स्वतःच अडवून बसते. मोकळें राहिलेलें ऑक्सॅलेट मग मोठ्या आंतड्यांतून रक्तांत शिरतें, तेथून मूत्रपिंडांत येतें, आणि त्याचे खडे बनतात. कित्येकांचीं मूत्रपिंडें अशा रीतीनें कायमचीं निकामी झालीं.

दुसरें संकट त्या वगळलेल्या आंतड्यांतच होतें. ज्यांतून कांहींच वाहत नाहीं अशा त्या आंधळ्या नळींत जंतूंची बेसुमार वाढ होई. त्यांच्यामुळें शरीरांत उद्भवणाऱ्या द्रव्यांनीं सांधे सुजत आणि अंगावर पुरळ उठे. प्रथिनें पुरेशीं न मिळाल्यानें आणि या जंतूंच्या विषानें यकृत बिघडे. कांहीं रोगी त्यानेंच दगावले. जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्यामुळें कोणाला रातांधळेपणा येई, तर 'ड' कमी पडल्यानें कोणाचीं हाडें ठिसूळ होत. गुडघे सुजलेला मनुष्य सांध्यांच्या वैद्याकडे जाई आणि मुतखड्याचा रोगी दुसऱ्याकडे. ज्यानें आंतडें जोडलें त्याच्या वहींत मात्र वजनाचेच आंकडे. अशा कारभारांत अपराध्याचा शोध लागण्यास विलंब लागावा, यांत नवल नाहीं. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणीं बंद पडली, आणि पुष्कळांच्या जोडण्या सोडवाव्या लागल्या. ज्यांच्या सोडविल्या नाहींत त्यांचें यकृत व मूत्रपिंड आयुष्यभर तपासत राहणें भाग असतें.

आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं आंतड्याऐवजीं जठराकडे लक्ष वळविलें. जठरव्रणासाठीं ज्यांच्या जठराचा बराच भाग काढला त्यांचें वजन पुढें वाढत नाहीं, हें त्यांनीं हेरलें होतें. १९६६ मध्यें चिकाशी इटो यांच्यासह त्यांनीं जठराच्या वरच्या टोंकाची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट आंतड्याला जोडली. पहिल्या रीतींत पित्त उलट वर चढे. १९७७ मध्यें ग्रिफेन यांनीं तेथें वाय या रोमन अक्षराच्या आकाराची जोडणी वापरून तो त्रास दूर केला. तरीहि ही शस्त्रक्रिया निरुपद्रवी नाहीं. साखर एकदम आंतड्यांत उतरल्यानें छाती धडधडते, घाम सुटतो; कांहीं शल्यवैद्य तर गोड खाण्याला आपोआप शिक्षा होते म्हणून यालाच गुण समजतात! जोडाजवळ व्रण पडूं शकतो, आणि आंतडें पोटांतल्या फटींत शिरून वर्षांनंतरहि अडकूं शकतें. मद्य रक्तांत लवकर चढतें, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून कांहींजण त्याच्या आहारीं जातात असें आढळलें आहे. लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्व बी-१२ कमी पडतात. बी-१२ मांस, अंडीं, दूध अशा प्राणिज अन्नांतूनच मिळत असल्यानें शाकाहारी घरांत ही उणीव मुळांतच असते, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. आंतड्याच्या शस्त्रक्रियेशीं तुलना केली तर मोठा भेद हा कीं, येथलें कर्ज आधींच ठाऊक असतें, आणि बव्हंशीं आयुष्यभर गोळ्या घेऊन व रक्त तपासून तें फेडतां येतें.

मेसन यांचें स्वतःचें मात्र समाधान झालें नाहीं. आंतडें मुळींच न वगळतां १९८० मध्यें त्यांनीं जठराला उभी शिवण घालून खालच्या तोंडाशीं पट्टी बसविली. अन्नरसाची उणीव टळली. परंतु मांस व पोळी अडकून ओकाऱ्या होत, म्हणून रोगी मऊ आणि गोड पदार्थांकडे वळले, आणि गेलेलें वजन परत येऊं लागलें. १९८६ मध्यें त्यांनीं अशा शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. एका वैद्याला जें दिसत नाहीं तें अनेकांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसतें. मेसन यांच्या सर्व शस्त्रक्रियांपेक्षां ही नोंदवहीच कदाचित् अधिक मोलाची ठरावी.

इटलींत जिनोआ येथें निकोला स्कोपिनारो यांनीं १९७६ पासून पुन्हां आंतडें वगळण्याकडे मोर्चा नेला. मात्र वगळलेल्या भागांतून पित्त वाहतें ठेवलें, त्यामुळें आंधळी नळी उरली नाहीं. वजन उत्तम उतरतें, पण प्रथिनांची तूट भारी पडते. न कापतां, न जोडतां, फुगविण्याजोगी सिलिकोनची पट्टी जठराभोंवतीं बसविण्याची कुझमाक यांची १९८६ ची युक्ति सर्वांत सौम्य भासली. १९९३ मध्यें बेल्जियममधील बेलाशू यांनीं ती दुर्बिणीच्या साह्यानें बसविली, आणि २००१ मध्यें अमेरिकेनें तिला मान्यता दिली. पुढें पट्ट्या सरकल्या, जठरांत रुतल्या, अन्ननलिका फुगल्या, आणि पुष्कळांच्या काढाव्या लागल्या. सौम्य म्हणून जी पत्करावी तिच्याचसाठीं पुन्हां पुन्हां टेबलावर यावें लागे.

आज जगांत सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी करणें. २००० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें मिशेल गान्ये यांनीं अतिस्थूल रोग्यांसाठीं मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी म्हणून ती योजिली. कित्येकांना दुसऱ्या पायरीची गरजच भासली नाहीं. हेन्रिक्सन यांच्या युक्तींतला जुना दोष येथें परत आला आहे. काढलेलें जठर परत लावतां येत नाहीं. वरच्या टोंकाशीं शिवण गळूं लागली तर ती बरी होण्यास फार वेळ लागतो, आणि आम्ल उलट चढून अन्ननलिका जळते. २०१८ मध्यें स्वित्झर्लंडमधील वैद्यांनीं चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची पांच वर्षांनंतर तुलना प्रसिद्ध केली. वजनांत दोहोंमध्यें म्हणण्यासारखा फरक नव्हता. आम्लदाह मात्र नळीच्या गटांत अधिक बळावला होता, आणि मेसन यांच्या शस्त्रक्रियेची सुधारलेली रीत वापरलेल्या गटांत पुष्कळांचा शमला होता.

दुसऱ्या पारड्यांत काय आहे, तेंहि पाहिलें पाहिजे. स्वीडनमध्यें १९८७ पासून २०१० शस्त्रक्रिया झालेले आणि २०३७ न झालेले असे रोगी नजरेखालीं ठेवले होते. २००७ मध्यें जाहीर झालें कीं, पहिल्या गटांत मृत्यूचें प्रमाण सुमारें एक-चतुर्थांशानें कमी आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील यूटा येथील पाहणींत मृत्यु शेंकडा ४० नीं कमी आढळले. पण रोगाव्यतिरिक्त कारणांनीं, म्हणजे अपघात, आत्महत्या इत्यादींनीं, झालेले मृत्यु शस्त्रक्रियेच्या गटांत शेंकडा ५८ नीं अधिक होते. आंतडीं आणि यकृत तपासणाऱ्यांच्या दृष्टीस ही बाजू सहसा पडत नाहीं.

१९९१ मध्यें अमेरिकेंत ठरलेल्या नियमानुसार किलोग्रॅमांतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून अंक ४० आला, किंवा ३५ आला व जोडीस गंभीर रोग असला, तरच शस्त्र धरावयाचें. २०२२ मध्यें हा अंक सरसकट ३५ वर आणला गेला, आणि आशियाई लोकांना मधुमेह कमी वजनांतच जडत असल्यामुळें त्यांच्यासाठीं तो २७.५ सुचविला गेला. उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर ४० म्हणजे सुमारें १०९ किलो, आणि २७.५ म्हणजे ७५ किलो. मधुमेह काबूबाहेर गेलेल्या ७५ किलोंच्या रोग्याला यांत आशा आहे. पण मोजलेले बरेचसे लाभ त्याच्याहून कितीतरी जड माणसांवर मोजलेले आहेत, आणि जन्माच्या गोळ्या, शिवणीची गळती, आम्लदाह हीं दोघांच्याहि वांट्याला सारखींच येतात.