पिवळा धोत्रा आणि स्वर्णक्षीरी

पावसाळ्याचा पूर ओसरला की जालना जिल्ह्यात दुधना, कुंडलिका या नद्यांच्या काठी गाळाची ओली जमीन उघडी पडते. तेथे नांगर जात नाही. जुने गवतही पुराने खरडून नेलेले असते. अशा मोकळ्या जागेवर पिवळा धोत्रा आधी हक्क सांगतो. हिवाळ्यात त्याची पांढऱ्या शिरांची काटेरी पाने पसरतात, तलम पिवळी फुले उमलतात, आणि उन्हाळा कडक होताच ते वर्षायू झाड वाळून जाते. मागे उरते मोहरीसारखे बारीक काळे बी.

नदीपात्राशी त्याची घसट पाहून ते येथलेच, असे कोणासही वाटावे. परंतु पंडितांपेक्षा लोकांच्या जिभेने सत्य अधिक जपले आहे. त्यास कोणी 'बिलायत' म्हणतात, कोणी 'फिरंगी धोत्रा'. धोत्र्याशी त्याचे साम्य काय ते काटेरी बोंडापुरते. कुळाने ते अफूचे भाऊबंद. त्याची मायभूमी मेक्सिको आणि वेस्ट इंडीज. लिनीयसने १७५३ साली त्यास 'आर्जेमोन मेक्सिकाना' असे नाव दिले, त्यातही ही जन्मखूण आहेच.

असे असता संस्कृतात हे झाड 'स्वर्णक्षीरी' म्हणून मिरवू लागले. चरकसंहितेत स्वर्णक्षीरी आहे हे खरे, आणि या झाडाचा चीकही सोन्यासारखा पिवळा आहे. पण कोलंबस अमेरिकेस पोहोचला तो १४९२ साली. चरकसंहिता त्याहून हजार वर्षांहूनही जुनी. तेव्हा चरकाची वनस्पती निराळी असली पाहिजे. ती कोणती, यावर विद्वानांचे एकमत नाही. हा केवळ शब्दांचा वाद असता तर सोडून देता आला असता. परंतु नावाबरोबर जुन्या औषधाची प्रतिष्ठाही एका विषारी झाडास मिळाली.

त्या विषाचा इतिहास बंगालने भोगला. १८७७ साली कलकत्त्यात पाय सुजण्याच्या एका रोगाची साथ नोंदली गेली. पुढे कित्येक वर्षे कोणी जंतूंस दोष दिला, कोणी तांदळास. १९२६ साली एस. एल. सरकार यांनी मोहरीच्या तेलात मिसळलेल्या धोत्र्याच्या तेलाकडे बोट दाखवले. त्यातील सँग्विनारीन या द्रव्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, सूज चढते, हृदय थकते; कित्येकांस काचबिंदूही होतो. तरीही १९९८ साली दिल्लीत याच भेसळीने साठांहून अधिक माणसे दगावली. मराठवाड्याचे जेवण पूर्वापार करडई आणि शेंगदाण्याच्या तेलावर चालत आले. मोहरी लागे ती फोडणीपुरती, चिमूटभर. बी दाराशी असूनही ते पोटात उतरले नाही, त्याचे श्रेय सावधपणापेक्षा या खाद्यरीतीस अधिक द्यावे लागेल.

झाडास मात्र नवी जागा मिळतच गेली. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगीच्या मुलखातून पुढे परभणीकडे गेला. खणलेली माती आणि शेजारी झिरपणारे पाणी, ही धोत्र्याच्या आवडीची जोडी पुरापासून दूरच्या शिवारांतही जाऊन पोहोचली.