अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि मालिशीचा हात

गोदाकाठचं पुणतांबा घ्या की राहाता तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, न्हाऊ-माखूची जुनी रीत साधारण एकच. सुईणीने पाय पसरून पाटावर बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं, कोमट तेलाने पाठ रगडायची, मग उजवा हात डाव्या पायाला आणि डावा उजव्याला आडवा टेकवायचा. या रीतीला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ती पूर्ण दिवसांच्या बाळावर घडली. बाळाच्या हाडांतलं सुमारे 80 टक्के कॅल्शियम-फॉस्फरस शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं किलोभराचं मूल त्या शिदोरीविनाच येतं. पूर्वी अशी मुलं क्वचितच जगत, त्यामुळे त्यांच्या ठिसूळ हाडांचा विचार करायची वेळ रीतीवर आलीच नाही.

ती वेळ आणली अतिदक्षता विभागांनी, आणि तिथली फ्रॅक्चर्स सुईणीच्या माथी मारता येत नाहीत. लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून वर उचलणं, शीर शोधताना हात आवळणं, कफ सुटावा म्हणून छातीवर थोपटणं, ही दवाखान्याचीच कामं. लघवीची काही औषधं आणि स्टिरॉइड हाडं आणखी पोकळ करतात. दुधाचाही प्रश्न आहेच. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. ते दूध जंतुसंसर्गापासून वाचवतं, पण फार लहान बाळाला त्यातला फॉस्फरस पुरत नाही. म्हणून त्यात खनिजांची पूड मिसळावी लागते, आणि लंगोट बदलताना बाळाला हलकेच कुशीवर वळवावं लागतं.

मग हातच लावू नये, असं कुणी म्हणेल. तेही पटत नाही, कारण निपचित पडलेल्या बाळाचं हाड झिजतं. 1995 मध्ये अमेरिकेत अशा बाळांचे सांधे रोज काही मिनिटं हलक्या हाताने हलवून पाहिले, तेव्हा हाडांतली खनिजं वाढलेली दिसली. शीवच्याच डॉक्टरांनी 2005 मध्ये खोबरेल तेलाच्या मालिशीने वजन अधिक वेगाने वाढल्याचं नोंदवलं. हे अभ्यास लहान आहेत, त्यांच्या जोरावर सरसकट व्यायामाचा आग्रह धरता येणार नाही. पण स्पर्श आणि रगडणं यांतला फरक त्यांतून स्पष्ट होतो. तेव्हा घरी सोडताना डॉक्टरांनी आईइतकंच आजीशी आणि मालिशवालीशीही बोलावं: तेल चालेल, पण ताणणं, आडवे हात-पाय करणं आणि पाय धरून उलटं टांगणं तूर्त बंद.