बॅडमिंटन रॅकेटची तुलना : वजन, तोल आणि शाफ्टचा ताठपणा

बॅडमिंटन रॅकेट एकमेकींहून वेगळ्या ठरतात त्या मुख्यतः तीन गुणांमुळे : वजन, तोल आणि शाफ्टचा, म्हणजे मूठ व फ्रेम यांना जोडणाऱ्या दांड्याचा, ताठपणा. नियमपुस्तक या तिन्ही बाबतींत गप्प आहे. जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या नियमांनुसार रॅकेटची एकूण लांबी ६८० मिमी आणि रुंदी २३० मिमीपेक्षा जास्त नसावी. जाळीचा भाग २८० मिमी लांबी आणि २२० मिमी रुंदीच्या आत बसावा. वजन किती असावे, ते कुठे साठवावे, शाफ्ट किती वाकावा याची मर्यादा कुठेही घातलेली नाही. उत्पादकांना त्यामुळे मोकळे रान मिळाले आणि प्रत्येकाची मोजपट्टी निराळी झाली. रॅकेटची तुलना अवघड होते ती इथेच.

हे तीन गुण वेगवेगळे मोजण्याची गरज फार जुनी नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायात सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तो काळ लाकडी रॅकेटचा होता. त्या रॅकेट आजच्यापेक्षा कितीतरी जड असत आणि दमट हवेत वाकू नयेत म्हणून लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवाव्या लागत. लाकडाची ताकद वाढवायची तर जाडी वाढवावी लागे आणि जाडीबरोबर वजन येईच. पुढे पोलादी शाफ्ट व धातूच्या फ्रेम आल्या. योनेक्सने १९६९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची रॅकेट काढली. खरा बदल घडवला तो कार्बन तंतूंनी. तंतूंचे थर कुठे जास्त, कुठे कमी आणि कोणत्या कोनात द्यायचे हे ठरवता येऊ लागल्यावर ८० ग्रॅमची रॅकेट डोक्याकडे जड करता येते, मुठीकडे जड करता येते, मऊ किंवा ताठही करता येते. वजन, तोल आणि ताठपणा यांची फारकत झाली ती तेव्हापासून.

वजन : योनेक्स आणि व्हिक्टर या कंपन्या वजन ‘यू’ या श्रेणीत सांगतात. २यू म्हणजे ९० ते ९४.९ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९.९, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९ ग्रॅम. त्याहून हलकी ती एफ. अंक वाढला की रॅकेट हलकी होते, आणि नवखा खेळाडू पहिल्या खरेदीत हमखास फसतो तो इथे. मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपीवर ‘४यू जी५’ असे काहीतरी छापलेले असते. त्यातला जी५ हा मुठीचा घेर, वजनाशी त्याचा संबंध नाही. ली-निंगची अक्षरे वेगळी असल्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना अक्षरे सोडून थेट ग्रॅम विचारावेत.

एका श्रेणीत पाच ग्रॅमची सूट असते, म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन ४यू रॅकेटमध्येही चारेक ग्रॅमचा फरक असू शकतो. एकूण वजनाच्या पाच टक्क्यांचा हा फरक हाताला कळतो. एकसारख्या दोन रॅकेट हव्या असतील तर दुकानातच त्या काट्यावर ठेवून घ्याव्यात. दुकानदार कपाळाला आठी घालेल, घालू द्यावी. वजनाविषयी इतके पुरे, कारण नुसत्या वजनावरून रॅकेट हातात कशी फिरेल हे सांगता येत नाही.

तोल : रॅकेट पट्टीच्या धारेवर आडवी ठेवली असता ज्या जागी ती न कलता राहते तो तिचा तोलबिंदू. तो मुठीच्या बुडापासून मिलिमीटरमध्ये मोजतात. गटिंग न केलेल्या, म्हणजे जाळीची तार (गट) न भरलेल्या, रॅकेटचा तोलबिंदू साधारण २८५ ते २९५ मिमीच्या दरम्यान असेल तर तिला इव्हन बॅलन्स म्हणतात. त्यापलीकडे हेड-हेवी, अलीकडे हेड-लाइट. या सीमा कोणत्याही संस्थेने आखलेल्या नाहीत, त्या व्यवहारात रुळल्या आहेत इतकेच. त्यामुळे एका कंपनीची इव्हन बॅलन्स रॅकेट दुसऱ्या कंपनीच्या हेड-हेवीशी जुळते असेही होते.

शिवाय हा आकडा कोऱ्या रॅकेटचा असतो आणि कोऱ्या रॅकेटने कुणी खेळत नाही. समजा, ८५ ग्रॅमच्या रॅकेटचा तोलबिंदू २९० मिमीवर आहे. तिच्यात सुमारे ४ ग्रॅमची गट भरली. गटीचे वजन बुडापासून साधारण ५४० मिमीवर, जाळीच्या मध्याशी पडते. तोलबिंदू सरकून ३०१ मिमीवर जातो, म्हणजे इव्हन बॅलन्सची रॅकेट एका गटिंगने हेड-हेवीच्या हद्दीत शिरली. आता मुठीवर ५ ग्रॅमची ओव्हरग्रिप गुंडाळली, जिचे वजन बुडापासून सुमारे ९५ मिमीवर येते. तोलबिंदू पुन्हा २९० मिमीवर! शंभर-दीडशे रुपयांच्या पट्टीने हजारो रुपयांच्या रॅकेटचा स्वभाव इतका बदलतो. दोन टॉवेल ग्रिप एकावर एक चढवून ‘ही रॅकेट आता पहिल्यासारखी मारत नाही’ म्हणणाऱ्याने आधी ग्रिप सोडून पाहावी. तुलना करायची तर दोन्ही रॅकेटवर तीच गट, तेच टेन्शन (गटीचा ताण) आणि तीच ग्रिप हवी, नाहीतर आपण भलत्याच गोष्टींची तुलना करत राहतो.

तोलबिंदूही सगळे सांगत नाही. दोन रॅकेटचे वजन आणि तोलबिंदू अगदी सारखे असले, तरी एकीत वजन टोकाला व बुडाला वाटलेले आणि दुसरीत मधोमध गोळा झालेले असू शकते. पहिली फिरवायला जड जाते. कारण फिरवताना होणारा विरोध वजनाच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : मुठीपासून दुप्पट अंतरावरचा एक ग्रॅम चौपट जाणवतो. याला स्विंगवेट म्हणतात. खेळाडूचा हात प्रत्यक्षात हेच मोजत असतो, पण कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच सापडतो. घरी तो मोजण्याचे साधन नसले, तरी दोन रॅकेट आळीपाळीने हातात घेऊन कोपर स्थिर ठेवत नुसत्या मनगटाने वेगात उलटसुलट फिरवल्या, तर फरक लगेच कळतो.

हेड-हेवी रॅकेटने स्मॅश जोरात बसतो, हा क्लबमधला सर्वांत पक्का समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शटलचे वजन नियमानुसार ४.७४ ते ५.५० ग्रॅम. टक्कर होताना रॅकेटच्या डोक्याकडचे जे वजन कामी येते, ते उदाहरणापुरते ३० ग्रॅम धरू आणि ते १० टक्क्यांनी वाढवून ३३ करू. डोक्याचा वेग तोच राहिला, तर टकरीच्या साध्या गणिताने शटलचा वेग जेमतेम सव्वा टक्क्याने वाढतो, कारण शटल रॅकेटपुढे आधीच फार हलके आहे. उलट, शटलचा वेग डोक्याच्या वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो. जड डोके फिरवताना हाताचा वेग दोन टक्क्यांनी जरी घटला, तरी मिळवलेले सगळे गेले. मग हेड-हेवीचा फायदा कुठे? सावकाश, लांब आणि पूर्ण फेकीच्या फटक्यात. मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत क्लिअर मारताना डोक्याचे वजन फटका स्वतःच पुढे ओढून नेते, आणि मध्यबिंदूपासून थोडे बाजूला लागलेले शटलही फ्रेमला कमी डगमगवते. मात्र बचावात, जिथे फटक्याला जेमतेम हातभर जागा मिळते, तिथे तेच डोके वेळेवर वळत नाही.

याचा ठळक दाखला विक्रमांच्या नोंदीत मिळतो. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे योनेक्सच्या व्यायामशाळेत भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने ५६५ किमी प्रतितास वेगाचा स्मॅश मारला आणि मलेशियाच्या तान बून हिआँगचा २०१३ मधला ४९३ किमीचा विक्रम मोडला. सात्त्विकच्या हातातली रॅकेट होती नॅनोफ्लेअर १००० झेड. ती हेड-लाइट गटातली आणि शाफ्टला अत्यंत ताठ. हा वेग रॅकेटवरून शटल सुटतानाचा आहे आणि चाचणी सामन्याबाहेरची, त्यात रॅकेटची जाहिरात हाही हेतू होताच. तरीही सर्वांत वेगवान नोंदलेला स्मॅश हेड-हेवी रॅकेटने मारलेला नाही, हे तथ्य उरतेच.

शाफ्टचा ताठपणा : तिन्ही गुणांत सर्वाधिक गैरसमज याच्याविषयी आहेत. लवचीक शाफ्ट शटलला गलोलीसारखा भिरकावतो, असे समजले जाते. शटल आणि जाळी यांचा स्पर्श फार तर एक-दोन सहस्रांश सेकंद टिकतो, तेवढ्यात शाफ्टला वाकून परत सरळ व्हायला वेळच नसतो. जे घडते ते स्पर्शाच्या आधी. फटक्याच्या सुरुवातीला मूठ पुढे धावते, डोके जडत्वामुळे मागे रेंगाळते आणि शाफ्ट मागे वाकतो. पुढे मनगट व पंजा यांचा वेग मंदावतो तसा तो सरळ होऊ लागतो आणि डोक्याच्या वेगात भर घालतो. शटलशी भेट नेमकी त्या क्षणी झाली तर फायदा, आधी किंवा नंतर झाली तर तोटा. म्हणजे प्रश्न जोराचा कमी आणि वेळ साधण्याचा जास्त आहे. ज्याचा हात झपकन, आखूड फिरतो, त्याला लवकर सरळ होणारा ताठ शाफ्ट लागतो. ज्याची फेक लांब व संथ, त्याच्या हातात ताठ शाफ्ट वाकतच नाही, रॅकेट काठीसारखी लागते. त्याला मध्यम किंवा लवचीक शाफ्ट सोयीचा. ताठ शाफ्टमध्ये दिशा जास्त हुकमी राहते, कारण डोके कुठे आहे याचा अंदाज हाताला अचूक असतो. नेटजवळ आणि सपाट ड्राइव्हमध्ये हे पदोपदी जाणवते.

तोल आणि ताठपणा इथे एकमेकांत अडकतात. शाफ्टला वाकवते ते डोक्याचे जडत्व. तोच शाफ्ट जड डोक्याखाली जास्त वाकतो, हलक्या डोक्याखाली कमी. म्हणून माहितीपत्रकात दोन्हीकडे ‘स्टिफ’ लिहिलेले असले, तरी हेड-हेवी आणि हेड-लाइट रॅकेटचा ताठपणा हाताला सारखा लागत नाही. जाडीचाही हिशेब आहे. तोच कार्बन आणि तशीच रचना ठेवून शाफ्टचा व्यास ७ मिमीवरून ६.६ मिमी केला, तर ताठपणा सुमारे एक पंचमांशाने घटतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बारीक तरीही ताठ शाफ्ट हवा असेल तर अधिक ताठ प्रतीचा कार्बन वापरावा लागतो. महाग रॅकेटच्या किमतीचा एक भाग तिथे जातो.

ताठपणाला सर्वमान्य एकक नाही. काही कंपन्या ‘एक्स्ट्रा स्टिफ’पासून ‘हाय-फ्लेक्स’पर्यंत शब्द वापरतात, काही आकडे देतात, पण एकीचा मापदंड दुसरीला लागू होत नाही. तुलनेची प्रामाणिक रीत म्हणजे मूठ घट्ट बांधून टोकाला ठराविक वजन टांगायचे आणि टोक किती मिलिमीटर खाली आले ते पाहायचे. दुकानात रॅकेटचे टोक धरून ती धनुष्यासारखी वाकवणाऱ्यांना मात्र फ्रेम किती मऊ आणि शाफ्ट किती, हे वेगळे कळत नाही.

तिन्हींचा मेळ : मोठ्या कंपन्यांनी आपल्या रॅकेटची विभागणी साधारण याच धोरणाने केली आहे. योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स मालिका हल्ल्यासाठी, नॅनोफ्लेअर वेगासाठी, आर्कसेबर मधली. व्हिक्टरच्या थ्रस्टर, ऑरास्पीड व ड्राइव्हएक्स आणि ली-निंगच्या अ‍ॅक्सफोर्स, ब्लेडएक्स व हॅल्बर्टेक या मालिकाही त्याच त्रयीत बसतात. दुहेरीत मागून मारणारा आणि पुढे नेटवर झडप घालणारा यांच्या गरजा निराळ्या, हे ओळखून योनेक्सने २०१८ मध्ये अ‍ॅस्ट्रॉक्स ८८ डी आणि ८८ एस ही जोडीच काढली : डी मागच्यासाठी, एस पुढच्यासाठी. सात्त्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांच्या जोडीत ही कामाची वाटणी दिसते, अर्थात रॅलीमध्ये दोघेही जागा बदलत राहतात. रोज नव्या भिडूबरोबर दुहेरी खेळणाऱ्या हौशी माणसाला अशा टोकाच्या रॅकेटचा उपयोग थोडा.

जड डोके, ताठ शाफ्ट आणि वर २८ पौंडांचे टेन्शन हे त्रिकूट टीव्हीवरच्या खेळाडूचे पाहून अनेकजण घेतात. त्याची किंमत कोपर आणि खांदा मोजतो. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी खेळणाऱ्या बहुतेक प्रौढांसाठी ४यू वजन, इव्हन बॅलन्स आणि मध्यम शाफ्ट हा मेळ सर्वांत भरवशाचा आहे. गट २३ ते २५ पौंडांत भरून घ्यावी. शिकाऊ मुलांना ५यू आणि लवचीक शाफ्ट द्यावा. मागून सतत स्मॅश मारून गुण घेणाऱ्यानेच हेड-हेवीकडे वळावे आणि तेही शाफ्टचा ताठपणा न वाढवता. दोन्ही गोष्टी एकाच खरेदीत बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही.