सक्तीची सैनिकी सेवा : वेठ की कर्तव्य?

स्वीडनने बंद केलेली सक्तीची लष्करभरती २०१७ साली पुन्हा सुरू करण्याचे ठरविले. पुढे लॅटव्हियानेही तोच मार्ग धरला. तेव्हापासून आपल्याकडेही अधूनमधून सूर निघतो की, आपल्या देशात ही सक्ती का नसावी? तरुणांना शिस्त लागेल, जातीपातीचे कुंपण मोडेल, बेकारी हटेल. हेतू चांगलाच आहे. परंतु 'सक्ती परत आणा' असे म्हणणाऱ्याला मी प्रथम विचारतो : परत आणावयास ती आपल्याकडे होती केव्हा, आणि होती तर कोणावर होती?

आपल्या शहरापासूनच आरंभ करू. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली. मोगलांना त्याने जेरीस आणले ते मराठा घोडेस्वारांच्या बळावर. हे स्वार कोणी पकडून आणलेले नव्हते. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. दोघेही चाकरीला आलेले. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघावे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शेतावर परतावे, असा पुढेही दीर्घकाळ रिवाज राहिला. शिपाईगिरी ही चाकरी होती आणि चाकरीला अटी असतात.

या अटींची किंमत आपल्या शहराने रक्ताने मोजलेली आहे. जून १८५७ मध्ये येथील छावणीतील हैदराबाद काँटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात बोलवा उठली की, आपणांस दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार. स्वार म्हणाले, आम्ही दख्खनच्या चाकरीसाठी नाव नोंदविले आहे. बादशहावर शस्त्र उचलणार नाही. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातील काळा चबुतरा त्यांचीच आठवण देतो. भरती खुशीची असली तरी शिपायाला 'कशासाठी?' असे विचारण्याची मुभा नव्हती, हा यातला पहिला धडा.

मग सक्ती कोठेच नव्हती काय? होती, पण ती लढण्याची नव्हती, ओझी वाहण्याची होती. सरकारी अंमलदाराचा मुक्काम गावात पडला की लाकूडफाटा, गवत, पाणी पोहोचविणे, सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत धावणे, ही वेठ ठरावीक जातींच्या वाट्यास येई. निजामी राज्यात ती होती, इंग्रजी मुलखातही होती. वेठीला 'राष्ट्रसेवा' असे गोंडस नाव त्या काळी कोणी दिले नव्हते, एवढाच फरक.

आणि गंमत अशी की, ज्यांच्यावर ओझ्याची सक्ती होती त्यांनाच बंदुकीची बंदी झाली. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई प्रारंभापासून होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ त्याची साक्ष देतो. पुढे 'लढाऊ जाती' नावाचे थोतांड निघाले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली दापोलीहून अर्ज केला. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायत सरकारकडे दाद मागितली. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : आम्हांला लढू द्या. महायुद्धात माणसांची निकड लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ साली ती मोडली. १९४१ साली पुन्हा युद्ध आणि पुन्हा पलटण. तीच आजची महार रेजिमेंट. गरज असेल तेव्हा हाक मारावयाची आणि गरज सरताच दार लावून घ्यावयाचे, ही मालकाची रीत कामगाराला नवी नाही.

खुद्द सक्तीचा कायदा या भूमीवर झाला, तोही पाहण्यासारखा आहे. १९१७ च्या डिफेन्स फोर्स कायद्याने सक्ती झाली ती हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिशांवर. हिंदी माणसाने हवे तर नाव द्यावे. साम्राज्य ज्यांचे, कर्तव्य त्यांचे! लोकमान्यांनी हे नेमके ओळखले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्य आणि स्वसंरक्षण यांची सांगड ते घालू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडविले. १९४० साली पुन्हा युरोपियनांसाठी लष्करी सक्तीचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी कसबी कामगारांसाठी निराळा वटहुकूम निघाला. फिटर, टर्नर यांना सरकार सांगेल त्या युद्धकारखान्यात जाणे भाग पडले. परवानगीवाचून काम सोडण्याची सोय उरली नाही. हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले ते स्वेच्छेच्या भरतीने. हिंदी माणसावर सक्ती झाली ती लेथवर!

स्वेच्छा म्हणजे सर्व पवित्र असेही मी म्हणत नाही. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक असाच आहे आणि त्या स्वयंसेवकांनी मराठवाड्यात काय केले हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो काळोख सरला. त्यानंतर तीन महिने होण्याच्या आत, ३ डिसेंबर रोजी, घटनासमितीत वेठबिगारीच्या कलमावर चर्चा झाली. तेच आजचे तेविसावे कलम. पहिल्या भागात ते वेठबिगार बंद करते. दुसऱ्या भागात सांगते की, सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल. मात्र केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. 'वर्ग' हा शब्द तेथे आहे, श्रोतेहो! वेठ आणि कर्तव्य यांतील सीमारेषा हीच. सर्वांनी उचलले तर ते कर्तव्य. काहींनीच उचलले तर ती वेठ.

या कसोटीवर सक्ती टिकेल काय? अमेरिकेत १८६३ साली यादवी युद्धासाठी सक्ती आली, तेव्हा तीनशे डॉलर भरणाऱ्यास सुटका होती. न्यूयॉर्कचा गरीब कामगार पेटून उठला. पण त्या दंग्यात त्याचा राग निरपराध काळ्या लोकांवर निघाला. अन्यायाची सक्ती माणसाला शूर करीत नाही, आंधळे करते. आपल्याकडे १९६३ साली, चीनच्या आक्रमणानंतर, महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची झाली, १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. नुसती कवायत सक्तीची ठेवणे जमले नाही, तेथे वर्षा-दोन वर्षांची छावणी कशी जमावी?

सक्तीच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा मी टाळणार नाही. श्रीमंताचा मुलगा खंदकात बसला तर युद्धाची घोषणा देणारा दहा वेळा विचार करील, हे खरे आहे. देशावर तसाच प्रसंग आला तर राज्याने सर्वांना बोलवावे. आमच्या मुलांच्या आधी मालकांची मुले नसली तरी चालतील, बरोबर मात्र हवीत. पण शांततेच्या काळात, रांगा लावून भरतीला येणारे तरुण असताना, सक्तीची गरजच नाही. गरज आहे ती येणाऱ्याला नीट वागविण्याची. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली : चार वर्षांची नेमणूक, त्यानंतर शंभरांतील पंचवीसांपर्यंत कायम. सैन्य तरुण राहावे, हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. परंतु वाळूजच्या फाटकावर काही महिन्यांच्या करारावर लागणारी आणि सुटणारी पोरे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. उरलेल्या पंचाहत्तरांचे पुढे काय, हा प्रश्न मला तेथेच शिकावयास मिळाला.

पहाटे शहराबाहेरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले आपण पाहिली असतील. अधिकारी घडावेत म्हणून १९७७ पासून आपल्याच शहरात सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था चालते. तेथे मोजक्यांनाच जागा मिळते. बाकीची कोरडवाहू शेतकऱ्याची, ऊसतोड मजुराची मुले फाटक्या बुटांनी धावत असतात. त्यांच्या पाठीशी सक्तीचा बडगा नको. वलंगकरांनी मागितले तेच त्यांना हवे आहे : दार उघडे असावे, आणि आत गेल्यावर मान असावा.