तोफ उतरली, सुरुंग चढले

युद्धनौकांचा विषय निघाला की ‘बिस्मार्क’, ‘हूड’ अशी बलदंड नावे पुढे येतात. वर्गात दुसरे महायुद्ध शिकवताना मला मात्र नॉर्वेच्या ‘टीर’ या म्हाताऱ्या तोफनौकेची आठवण हटकून होते.

इंग्लंडमधील जॉर्ज रेंडेल याने १८६७ मध्ये एक साधी कल्पना प्रत्यक्षात आणली : लहानशी नौका आणि तिच्या नाळेवर एकच अवजड तोफ. नौका म्हणजे तोफेचा तरंगता गाडाच! तोफ वळवायची तर नौका वळवायची. बेताच्या ऐपतीच्या देशांना किनारा राखण्यासाठी हे साधन परवडणारे होते. नॉर्वेने अशा अनेक नौका बांधल्या. त्यांपैकी ‘टीर’ १८८७ मध्ये हॉर्टेनच्या आरमारी गोदीत पाण्यात उतरली. लांडग्याच्या जबड्यात हात गमावलेल्या पुराणकथेतील देवाचे नाव तिला मिळाले.

पुढे वेगवान विनाशिका आल्या आणि ही मंदगती नौका निरुपयोगी ठरली. पण नॉर्वेने तिला मोडीत काढले नाही. मोठी तोफ उतरवून तिच्यावर पाणसुरुंग चढवले. साखळदंडाने तळाशी जखडलेला सुरुंग पाण्याखाली दडून राहतो. जहाजाचा धक्का लागताच फुटतो. तो पेरायला वेग लागत नाही, जागेची माहिती लागते. अरुंद, वळणावळणाच्या फ्योर्डमध्ये ही छोटी नौका त्या कामाला योग्यच होती.

८ एप्रिल १९४० रोजी सकाळी ब्रिटिशांनी तटस्थ नॉर्वेच्या हद्दीत सुरुंग पेरले. ओस्लोत त्याचीच चर्चा चालू असताना जर्मन आरमार उत्तरेकडे निघालेले होते. तटस्थ देशाने आपल्याच दारात सुरुंग पेरावेत काय, या विचारात मोलाचे तास गेले. बर्गेनच्या वाटेवर सुरुंगांची भिंत वेळेत उभी राहिली नाही. ९ एप्रिलच्या पहाटे जर्मन सैनिक शहरात उतरले. क्वार्व्हेनच्या किल्ल्यावरील तोफांनी ‘कोनिग्सबर्ग’ क्रूझर जखमी केली, परंतु शहर पडले.

‘टीर’ मात्र हातची गेली नव्हती. ५३ वर्षांच्या त्या नौकेने बर्गेनच्या परिसरात आपले सुरुंग पेरले. त्याच दिवशी संध्याकाळी सुमारे पाच हजार टनांचे ‘साओ पाउलो’ हे जर्मन मालवाहू जहाज त्यांवर आदळून बुडाले. पुढे हार्डांगरफ्योर्डमध्ये उस्केदालजवळ २० एप्रिलला ‘टीर’ जर्मनांच्या हाती पडली. तिच्याहून जुनी ‘उलर’ बर्गेनला आधीच पकडली गेली होती. जर्मनांनी ती वापरात आणली. तेव्हा नॉर्वेच्याच सागरी विमानांनी एप्रिलअखेर सोग्नेफ्योर्डच्या परिसरात तिच्यावर बॉम्ब टाकून तिचा शेवट केला. आपलीच नौका आपल्या हाताने बुडवणे हे त्या वैमानिकांच्या वाट्याला आले.

‘टीर’ने युद्ध जिंकून दिले नाही. जुने हत्यारही परजून ठेवले तर कामाला येते, हे तिने दाखवले. पण ते उचलण्याचा हुकूम वेळेवर सुटावा लागतो. तिथे नौकेचे वय कामी येत नाही. परीक्षेत सनावळी विचारली जाते, ती मुलांनी पाठ करावीच. परंतु ८ एप्रिलची रात्र आणि ९ एप्रिलची संध्याकाळ यांमधले अंतर त्यांना कळले, तर इतिहास शिकवल्याचे सार्थक झाले, असे मी मानतो.